उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही? एका रिफंड सर्व्हिसच्या डिझाइनमधून बॅकएंड आणि करिअरची वाट

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ग्राहकांचे पैसे परत करणारा एक जॉब लिहिला होता. तो रोज रात्री चालायचा, ज्यांना रिफंड द्यायचा त्यांची यादी काढायचा आणि पेमेंट गेटवेला (पैशांचा व्यवहार करून देणाऱ्या बाहेरच्या सर्व्हिसला) एकेक रिक्वेस्ट पाठवायचा. ३० सेकंदांत उत्तर आलं नाही की टाइमआउट, आणि टाइमआउट झाला की 'फेल' असा शिक्का मारून पुन्हा पाठवायचं. टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. मग एका रात्री गेटवे मंदावला. पैसे जात होते, पण उत्तर यायला ३० सेकंदांहून जास्त लागत होते. सकाळी लॉग उघडले तर एकाच ऑर्डर नंबरच्या तीन ओळी एकाखाली एक: टाइमआउट, टाइमआउट, यशस्वी. गेटवेच्या हिशोबात मात्र तिन्ही यशस्वी होत्या.

माझी सीनियर रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, हे तू कशावरून ठरवलंस?"

त्यानंतर बॅकएंड (पडद्यामागच्या सर्व्हर आणि डेटाबेसच्या) डिझाइनचा जो काही अभ्यास झाला, तो बराचसा या एका प्रश्नाभोवतीच झाला. करिअरबद्दलचं माझं मतही तिथेच बनलं. 'हे मध्येच तुटलं तर काय?' हा प्रश्न कोणी विचारायच्या आधी आपण विचारू लागलो की सीनियर होण्याची सुरुवात होते. पदनाम त्यानंतर कधीतरी येतं. म्हणून या लेखात तीच रिफंड सर्व्हिस पुन्हा पहिल्यापासून बांधू, आणि प्रत्येक पायरीवर इंजिनियर म्हणून आपल्या हाती काय लागतं तेही पाहू.

१. 'कधीही होता कामा नये' अशी यादी आधी लिहा

बहुतेक जण कामाला बसले की लगेच चौकोन आणि बाण काढायला लागतात. थांबा. आधी साध्या भाषेत तीन-चार वाक्यं लिहा. रिफंड सर्व्हिससाठी माझी यादी अशी होईल: एकच रिफंड दोनदा जाऊ नये. एका ऑर्डरवरचे सगळे रिफंड मिळून भरलेल्या रकमेपेक्षा जास्त होऊ नयेत. मंजूर झालेला रिफंड कोणाच्याही नकळत हरवू नये.

ही वाक्यं हिशोब पाहणाऱ्या माणसाला आणि सपोर्ट टीमला वाचून दाखवा. त्यांना तांत्रिक काही कळायची गरज नाही, आणि चूक असेल तर ते लगेच सांगतात. दुसरं वाक्य मला असंच मिळालं. अर्धवट रिफंड हा प्रकार असतो, एका ऑर्डरमधली एकच वस्तू परत येऊ शकते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. सपोर्टमधल्या सहकाऱ्याने ते दहा मिनिटांत सांगितलं.

'फास्ट हवं', 'स्केलेबल हवं' या अपेक्षा झाल्याच नाहीत. त्यांच्यापुढे आकडा लिहायला लावा. ग्राहकाला रिफंड नोंदवल्याची पोच एका सेकंदात हवी, पण पैसे खात्यात पोचायला दोन दिवस लागले तरी चालतील, असं कळलं की डिझाइन निम्म्याने सोपं होतं. कारण मग गेटवेच्या उत्तरासाठी ग्राहकाला ताटकळत ठेवायचं कारणच उरत नाही.

२. कागदावरचं गणित

दिवसात ८६,४०० सेकंद असतात, हा आकडा पाठ हवा. रोज १ लाख रिफंड असतील तर सरासरी सेकंदाला सव्वासुद्धा भरत नाही. गर्दीच्या वेळी दसपट धरली तरी सेकंदाला १२. एवढं काम एक साधा पोस्टग्रेस डेटाबेस आरामात करतो. शार्डिंगची (डेटा अनेक डेटाबेसमध्ये वाटण्याची), वेगळ्या स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्मची चर्चा इथेच संपते, आणि ती आकडा दाखवून संपते, त्यामुळे कोणाचं मन दुखावत नाही.

आता दुसरा हिशोब. मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: एका वेळी आत अडकलेली कामं म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येक काम आत राहण्याचा वेळ. सेकंदाला १२ रिफंड आणि गेटवेचं उत्तर २ सेकंदांत येत असेल, तर एका वेळी २४ रिक्वेस्ट अधांतरी असतात. गेटवे मंदावून ३० सेकंद घेऊ लागला की त्याच २४ च्या ३६० होतात. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मर्यादा मुळात १०० ठेवलेली असते. तुमचा कोड ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा, नाहीतर अजिबात न होणारा बदलांचा गट) उघडून, कनेक्शन हातात धरून गेटवेची वाट पाहत असेल, तर गेटवे मंद झाला की तुमचा डेटाबेसही अडकला. मग रिफंडशी काडीचाही संबंध नसलेलं लॉगिनसुद्धा बंद पडतं.

एका गुणाकाराने डिझाइनचा एक पक्का नियम दिला: बाहेरच्या सर्व्हिसला कॉल करताना डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही. आधी नोंद करा, कमिट करा (म्हणजे ती पक्की करा), मग कॉल करा, आणि उत्तर आलं की नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये ते नोंदवा.

३. एपीआयच्या आधी डेटा

कोड दर काही वर्षांनी नव्याने लिहिला जातो, टेबलं मात्र राहतात. म्हणून सर्वाधिक वेळ इथे द्या.

रिफंडच्या टेबलमध्ये आयडी, ऑर्डरचा आयडी, रक्कम, चलन, स्टेटस आणि वेळ. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नका. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि लाखभर नोंदींनंतर ताळेबंदात तो फरक शोधत बसावं लागतं. चलनाच्या सर्वांत लहान एककात पूर्णांक ठेवा, नाहीतर डेटाबेसचा अचूक दशांश प्रकार वापरा.

स्टेटसवर जरा थांबू. माझ्या पहिल्या जॉबमध्ये दोनच होते, यशस्वी आणि फेल. खरं तर पाच लागतात: नोंदवला, पाठवला, यशस्वी, नाकारला आणि अनिश्चित. टाइमआउटची जागा 'अनिश्चित'मध्ये आहे. 'नाकारला' म्हणजे गेटवेने स्पष्ट नाही म्हटलं. 'अनिश्चित' म्हणजे काय झालं ते आपल्याला माहीत नाही, आणि ते शोधून काढणं हे आता आपलं काम आहे. ती सकाळ टाळायला हा एक शब्द पुरेसा होता. कोणत्या स्टेटसमधून कोणत्या स्टेटसमध्ये जाता येतं तेही लिहून ठेवा. 'यशस्वी'तून मागे परतायची वाट ठेवू नका.

प्रत्येक प्रयत्नाची वेगळी ओळ वेगळ्या टेबलमध्ये ठेवा, आणि ती कधी बदलू नका, पुसू नका. काही बिघडलं की याच ओळी साक्ष देतात.

आता अर्धवट रिफंडची गोष्ट. ऑर्डर १००० ची आहे. एकाच क्षणी ७०० चे दोन रिफंड मागितले गेले. दोन्ही रिक्वेस्ट 'आतापर्यंत किती दिले?' असं विचारतात, दोघींना शून्य दिसतं, दोघी ७०० मंजूर करतात. एकूण १४००. ट्रान्झॅक्शन असूनही हे घडतं, कारण पोस्टग्रेसची मूळची आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते) रीड कमिटेड आहे आणि ती हे अडवत नाही. उपाय साधा आहे: बेरीज करण्याआधी ऑर्डरची ओळ लॉक करा. दुसरी रिक्वेस्ट पहिलीचं होईपर्यंत थांबते आणि मग तिला ७०० दिसतात. आपण वापरतो त्या डेटाबेसची आयसोलेशन पातळी काय आहे, हे न बघता सांगता येईल इतकं ते ठाऊक करून घ्या. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ती रिपीटेबल रीड असते, आणि तिथेही साध्या सिलेक्टने ही अडचण सुटत नाही.

४. प्रत्येक बाणावर तीन प्रश्न

आता चौकोन आणि बाण काढा. मग प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारा: रिक्वेस्ट पोचलीच नाही तर? पोचली, काम झालं, पण उत्तर वाटेत हरवलं तर? उत्तर आलं, पण फार उशिरा आलं तर?

पाठवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर पहिली दोन अगदी सारखी दिसतात. हुशार कोडने हा फरक कळेल असं वाटत असेल, तर कळणार नाही. संदेश हरवू शकणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल पूर्ण खात्री होईल अशी संदेशांची कोणतीही मर्यादित देवाणघेवाण असू शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये याला दोन सेनापतींच्या कोड्याचं रूप दिलं. टेकड्यांवर दोन फौजा, मधल्या दरीत शत्रू, आणि जासूद वाटेत पकडला जाऊ शकतो. 'पहाटे हल्ला' हा निरोप पोचला की नाही याची पोच हवी, मग त्या पोचेची पोच हवी, आणि हे संपतच नाही.

खात्री मिळणार नसेल, तर तीच रिक्वेस्ट दोनदा गेली तरी परिणाम एकदाच होईल अशी सोय करायची. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवरच्या रिक्वेस्टच्या नियमांत, पुट आणि डिलीट हे प्रकार व्याख्येनेच आयडेम्पोटंट आहेत, पोस्ट नाही. म्हणून पोस्टसोबत एक की (त्या कामाचा वेगळा ओळख-क्रमांक) पाठवायची. इथे क्रम महत्त्वाचा आहे. रिफंड नोंदवतानाच की तयार करा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सेव्ह करा. मग गेटवेला कॉल करा, आणि प्रत्येक रिट्रायला तीच की वापरा. कॉल करताना की बनवण्याची चूक मी कोड रिव्ह्यूमध्ये कितीतरी वेळा पाहिली आहे. तसं केलं की प्रत्येक रिट्राय नवी की घेऊन जातो, आणि की असून नसल्यासारखी. तुमच्या स्वतःच्या एपीआयलाही (इतर प्रोग्रॅम तुमच्या सर्व्हिसशी बोलतात त्या दारालाही) हाच नियम लावा. आलेल्या कीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दुसऱ्यांदा न घेण्याचा डेटाबेसचा नियम) ठेवा आणि दुसऱ्यांदा तीच की आली तर आधीचंच उत्तर द्या. कोडमध्ये 'आधी आहे का पाहा, नसेल तर घाला' असं लिहिलं तर त्या दोन ओळींमधल्या फटीतून दुसरी रिक्वेस्ट शिरते. कन्स्ट्रेंटमध्ये तशी फट नसते.

रिट्रायबद्दल थोडं. दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा, नाहीतर हजार क्लायंट एकाच सेकंदाला पुन्हा दारात येतात. शिवाय रिट्राय एकाच थरात ठेवा. तीन थर प्रत्येकी तीनदा प्रयत्न करत असतील तर तळाच्या सर्व्हिसवर एका क्लिकमागे २७ कॉल पडतात. आधीच दमलेली सर्व्हिस त्याने पुरती झोपते.

रिफंड झाल्यावर ग्राहकाला मेसेजही पाठवायचा आहे. डेटाबेसमध्ये 'यशस्वी' लिहिलं आणि क्यूमध्ये (पाठवायच्या मेसेजच्या रांगेत) मेसेज टाकण्याआधीच प्रोसेस मेली तर? उलट क्रम लावला तर मेसेज जाईल आणि नोंद करायची राहून जाईल. यावर आउटबॉक्स वापरा. मेसेजची ओळ त्याच डेटाबेसमध्ये, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहा, आणि वेगळा वर्कर ती उचलून क्यूमध्ये टाकेल. वर्कर टाकून झाल्यावर आणि खूण करण्याआधी मेला तर मेसेज दोनदा जाईल, म्हणून घेणाऱ्यानेही आयडेम्पोटंट असायला हवं. इथेही तेच कोडं.

शेवटी ताळमेळ. रोज गेटवेची सेटलमेंट फाइल (त्याने प्रत्यक्ष केलेल्या व्यवहारांची यादी) आणि आपलं टेबल समोरासमोर ठेवून जुळवा. 'अनिश्चित' रिफंड इथे निकाली निघतात. काही इंजिनियरांना हे कमीपणाचं वाटतं, जणू डिझाइन चांगलं असतं तर याची गरज पडली नसती. मला अजिबात पटत नाही. पैशाची देवाणघेवाण करणारी प्रत्येक गंभीर व्यवस्था दोन्ही बाजूंचे हिशोब जुळवते, आणि संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून जुळवते.

५. डिझाइन डॉक: दोन-तीन पानं पुरतात

आतापर्यंतचं सगळं आता लिहून काढा: प्रश्न, 'होता कामा नये'ची यादी, गणित, टेबलं, बिघाडाचे प्रसंग, निवडलेला मार्ग, सोडलेले मार्ग आणि या वेळी मुद्दाम काय करत नाही आहोत ते. अनुभवी वाचक आधी सोडलेले मार्ग वाचतात. तिथला एक परिच्छेद नमुन्यादाखल:

'रिफंडची रिक्वेस्ट थेट गेटवेला पाठवून त्याच वेळी ग्राहकाला निकाल दाखवण्याचा विचार केला. ते सोपं आहे आणि आज चालेलही. पण गेटवेला ३० सेकंद लागू लागले तर एका वेळी ३६० रिक्वेस्ट अडकतील आणि डेटाबेस कनेक्शन संपतील. ग्राहकाला तत्काळ निकाल नको आहे, पोच हवी आहे. म्हणून हा मार्ग सोडला. पुढे तत्काळ निकालाची अपेक्षा आली तर याचा पुन्हा विचार करावा.'

मार्ग का सोडला, कोणत्या आकड्यामुळे, आणि काय बदललं तर हा निर्णय बदलेल, हे तिन्ही इथे आहे. दोन वर्षांनी नवीन आलेला इंजिनियर 'हे असं का केलंय?' म्हणून डोकं धरून बसणार नाही.

डॉक सगळ्यांना एकदम पाठवू नका. ज्याचा विरोध असेल असं वाटतं, त्याच्याकडे आधी एकट्याने जा. मीटिंगमध्ये दहा जणांसमोर माणूस मत राखायला बघतो, शेजारी बसून तो मोकळेपणाने तुमचं डिझाइन सुधारतो. त्याची सूचना घेतलीत तर डॉकमध्ये त्याचं नाव लिहा.

६. बाहेर आणताना

इथे थोडक्यात सांगतो, कारण नियम ठरलेले आहेत. चालू टेबलातला कॉलम एका झटक्यात बदलू नका. नवा कॉलम जोडा, दोन्हीकडे लिहा, जुना डेटा छोट्या तुकड्यांत भरा, वाचन नव्याकडे वळवा, आणि काही दिवसांनी जुना काढा. पोस्टग्रेसमध्ये मोठ्या टेबलवर साधा इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) बनवला तर तो होईपर्यंत लिहिणं अडतं. त्यासाठी कन्करंटली हा पर्याय आहे. नवा मार्ग फीचर फ्लॅगमागे (कोड न बदलता चालू-बंद करता येणाऱ्या स्विचमागे) ठेवून आधी एक टक्का वाहतूक वळवा. आणि रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परतणं, एकदा प्रत्यक्ष करून पाहा.

७. कशावर लक्ष ठेवायचं

सीपीयूचा आलेख सगळेच लावतात. रिफंड सर्व्हिससाठी त्याहून उपयोगी आकडा म्हणजे सर्वांत जुना 'अनिश्चित' रिफंड किती तासांचा आहे. हा आकडा वाढू लागला की काहीतरी अडकलं आहे, मग सीपीयू कितीही शांत दिसो.

सरासरीवर विसंबू नका, पी९९ पाहा, म्हणजे शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात ती वेळ. एका पानामागे १० कॉल असतील आणि प्रत्येक कॉल शंभरातून एकदा मंद होत असेल, तर जवळपास १० टक्के लोकांना पान मंद वाटतं. उपलब्धतेचंही तसंच. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद. अशा पाच सर्व्हिस एकामागोमाग लागत असतील आणि त्या स्वतंत्रपणे बंद पडत असतील, तर मिळून साधारण ९९.५ टक्के उरतात, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त. 'मायक्रोसर्व्हिस करून टाकू' असं कोणी म्हणालं की हा गुणाकार समोर ठेवा.

मग करिअरचं काय?

वरच्या सातही पायऱ्या हेच करिअरचं काम आहे, पण काही सवयी वेगळ्या सांगायला हव्यात.

ऑन-कॉल (बिघाड झाला तर रात्रीअपरात्रीही धावून जाण्याची पाळी) टाळू नका. ड्यूटीची विभागणी न्याय्य हवी आणि झोपेचा हिशोब हवा, यासाठी जरूर भांडा. पण आपण बांधलेली गोष्ट रात्री कशी तुटते हे पाहिल्याशिवाय डिझाइनची नजर येत नाही. बिघाडानंतरचं पोस्टमॉर्टेम स्वतःहून लिहायला घ्या. कोणी चूक केली यापेक्षा, ती चूक करणं इतकं सोपं का होतं, ते लिहा. दुसऱ्या टीमची पोस्टमॉर्टेमही वाचत जा. फुकटात एवढा अनुभव दुसरीकडे मिळत नाही.

कोड रिव्ह्यूमध्ये नावं आणि स्पेस यावर कमी बोला. 'हे दोनदा चाललं तर?' हा एक प्रश्न दर वेळी विचारा. काही महिन्यांत टीममधले लोक तुमच्याकडे पाठवण्याआधी स्वतःच तो विचारू लागतात. तुमचा प्रभाव तुमच्या कोडपलीकडे पोचला याची ही खूण आहे, आणि बढतीच्या चर्चेत तिचं वजन असतं.

एक वही ठेवा. तारीख, घेतलेला निर्णय, सोडलेला पर्याय आणि नंतर दिसलेला आकडा. 'रिफंड सर्व्हिसवर काम केलं' असं वर्षाअखेरीस लिहिणं आणि 'दुहेरी रिफंड बंद झाले, अनिश्चित रिफंड एका दिवसात निकाली निघू लागले' असं लिहिणं, यात मोठा फरक आहे. मुलाखतीतही ही वही कामाला येते. डिझाइनच्या मुलाखतीत पाठ केलेली आकृती काढणारे पुष्कळ असतात. स्वतःचा सोडून दिलेला पर्याय आकड्यासह सांगणारा लक्षात राहतो.

पुढच्या पातळीवर काय अपेक्षा आहेत त्या मॅनेजरकडून लेखी मागून घ्या आणि दर तीन महिन्यांनी त्यावर बोला. पातळी वाढते तसे प्रश्न टीमच्या सीमेवर सरकतात. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं की संस्था जी व्यवस्था बांधते, तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखी होते. दोन टीममध्ये बोलणं नसेल तर त्यांच्या सर्व्हिसमधला एपीआयही तसाच तुटक असतो. तो दुरुस्त करायचा तर कधी कोडआधी दोन टीमना एका टेबलाशी बसवावं लागतं, आणि हे काम करायला मॅनेजर असावं लागत नाही.

शेवटची सवय: स्वतःचा डिझाइन डॉक सहा महिन्यांनी पुन्हा उघडा आणि कोणता अंदाज चुकला ते त्याच्याच खाली लिहा. रिफंड सर्व्हिस मी पुन्हा बांधली, तेव्हा त्या डॉकखाली एक नोंद करावी लागली. ताळमेळाचा जॉब रोज सकाळी फरकांची संख्या कळवायचा, आणि एका दिवशी ती छान शून्य आली. खरं तर त्या दिवशी गेटवेकडून फाइलच आली नव्हती. जुळवायला समोर काही नव्हतं, म्हणून फरकही नव्हता. सीनियरने विचारलेला प्रश्न मी गेटवेच्या कॉलला लावला होता, फाइलला लावायचा राहिला होता. आता ठरलेल्या वेळेपर्यंत फाइल आली नाही तर फरक सापडल्यावर वाजतो तोच अलार्म वाजतो, आणि रिपोर्टमध्ये शून्याच्या जागी 'फाइल नाही' असं लिहून येतं.